सत्काराचा नारळ

सिगारेट सोडायची तर गुपचूप सोडावी. एवढं साधं शहाणपण मला पदवी घेऊनही आलं नाही.

नाशिकच्या आमच्या विमा कार्यालयात सिगारेट सोडणाऱ्याला सगळ्यात जास्त सल्ले ओढणारेच देतात. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी जेवणानंतर मला सवयीने टपरीवर घेऊन जायचा आणि माझ्या तोंडावर धूर सोडत म्हणायचा, "इच्छाशक्ती लागते राव. माझ्यात नाही, पण तुझ्यात दिसते." मग हातातली पेटती सिगारेट पुढे करायचा. "घे, नुसती बोटात धर. ओढू नको. हाताला बरं वाटतं."

हाताला खरंच बरं वाटलं असतं, म्हणून मी पळ काढायचो.

चहा संपला की हात आपोआप शर्टाच्या खिशात जायचा. तिथे आता लवंगांची पुडी होती. दिवसभर लवंग चघळून जीभ इतकी बधिर व्हायची, की पॉलिसीवाले फोनवर विचारायचे, "साहेब, दाढ काढली का?" बायकोने वेगळा उपाय शोधला. तलफ आली की घरातलं एखादं काम काढायचं. पंखे पुसून झाले, डबे घासून झाले, खिडक्यांच्या जाळ्या धुऊन झाल्या. एका रविवारी तीच काळजीने म्हणाली, "आज तलफ आली नाही का तुम्हाला? माळा तसाच राहिलाय."

हे असं तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेटलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटू लागलं. त्या भरात मी मोबाईलवर स्टेटस ठेवलं: 'धूम्रपानास कायमचा रामराम.' खाली हात जोडलेलं चित्र. बाबांकडे साधा फोन आहे, त्यामुळे ते बघणार नाहीत, हा हिशेब केला होता. माझ्या गावच्या, घोटीच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांचा हिशेब मात्र राहून गेला.

तासाभरात मुख्याध्यापक सरांचा फोन आला. "तुझा सत्कार करायचा. मुलांपुढे आदर्श पाहिजे." याच सरांनी दहावीला मला रोज संध्याकाळी घरी बसवून गणित शिकवलं. आमच्या घरात पहिला पदवीधर झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांना 'नाही' म्हणण्याएवढी माझी अजून छाती नाही.

मी पदवीधर झालो तेव्हा शाळेने माझं नाव फळ्यावर खडूने लिहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भूगोलाचा धडा आला होता. सिगारेट सोडली, तर बाजारपेठेतल्या चौकात माणसापेक्षा उंच फ्लेक्स लागला. त्यावर पदवीदानाचा काळा झगा घातलेला माझा फोटो होता. वर 'व्यसनमुक्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत पहिलं नाव चौकातल्या पानटपरीवाल्याचं होतं. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख त्याने मोठ्या मनाने गिळलं होतं.

आता बाबांविषयी सांगायला हवं. ते भाताच्या गिरणीत हमाली करत आले आणि विडी ओढत आले. त्यांच्यापुढे मी कधी सिगारेट काढली नाही. थोरांसमोर ओढायची नसते, एवढा संस्कार आमच्याकडे असतोच. न ओढण्याचा तेवढा नसतो. घोटीला गेलो की मी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून चौकातल्या टपरीवरून एक घेऊन एसटी स्टँडच्या मागे जायचो. बाबा गिरणीत अभिमानाने सांगायचे, "पोरगं शिकलं, पण सुपारीचं खांड तोंडात नाय."

त्यांनी चौकात फ्लेक्स बघितला. चष्मा घरी राहिला होता, पण फोटो ओळखला, झगाही ओळखला. पोराने आणखी एक पदवी काढली, असं समजून त्यांनी पेढे घेतले आणि गिरणीभर वाटले. शेवटच्या माणसाने पेढा तोंडात टाकून त्यांना चौकात नेलं आणि फ्लेक्स मोठ्याने वाचून दाखवला.

हे मला सत्काराच्या दिवशी, स्टेजवर चढताना कळलं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. पाहुणे म्हणून आलेले पुढारी माझ्या त्यागावर बोलता बोलता तळहातावर तंबाखू मळत होते. चिमूट ओठात ठेवण्यासाठी ते मध्येच थांबले. मुलांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शाल आली, नारळ आला आणि फोटो झाला.

सगळे पांगल्यावर बाबा शाळेच्या पायरीवर बसले. मी शाल-नारळ घेऊन शेजारी बसलो.

"सोडली, ते समद्यांनी सांगितलं," ते म्हणाले. "धरली कवा, ते कोणी बोललं नाय."

"कॉलेजात."

"म्हंजी मी गोण्या वाहत व्हतो तवा."

मी शालीची घडी घालू लागलो. आणि नेमकी त्याच वेळी तलफ आली. इतक्या दिवसांत आली नव्हती अशी. घशापासून बोटांच्या टोकांपर्यंत नुसता धूर हवा होता. पुडी चाचपली, लवंगा संपल्या होत्या. समोरच्या चौकात माझ्याच फ्लेक्सखाली टपरी उघडी होती. फार तर पन्नास पावलं.

बाबांनी सवयीने विडी काढली, काडी ओढणार तोच त्यांचं लक्ष माझ्या थडथड उडणाऱ्या गुडघ्याकडे गेलं.

"आली का?"

"आली."

"लय?"

"लय."

त्यांनी विडी पुन्हा बंडलात खोचली. "आण तो नारळ."

पायरीच्या कडेवर दोन दणके देऊन त्यांनी तो फोडला. उरलंसुरलं पाणी माझ्या शालीवर सांडलं. करवंटीतून मोठं खांड उपसून माझ्या हातात दिलं. "चाव. बोलू नको."

नारळ कोणत्या सत्कारापासून फिरत आला होता कोण जाणे, खोबरं लाकडासारखं झालं होतं. मी चावत राहिलो. बाबाही उरलेल्या दातांनी चावत राहिले. जबडा दुखायला लागला, कानशिलं ठणकली आणि मग लक्षात आलं की गुडघा थांबलाय. टपरी तिथेच होती, मीही इथेच होतो.

बाबांनी मला नीट निरखून घेतलं. मग उठून मैदानाच्या पार टोकाला, वारा माझ्याकडे येणार नाही अशा बाजूला जाऊन त्यांनी विडी पेटवली. तिथूनच ओरडले,

"पुढच्या खेपेला म्हणावं, शाल नको! नारळ दोन द्या!"