आईच्या पत्रातला गोळाभात

माझ्या वडिलांनी आयुष्यात केलेला पहिला गोळाभात आम्ही चमच्याने प्यायलो.

गोळाभात नागपूरकडच्या घराघरांत होतो. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद घालून गोळे वळायचे, ते शिजत आलेल्या भातात पुरून वाफवायचे आणि वाढताना वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओतायची. बाबांनी गोळे सुबक वळले होते, पण तांदूळ, पाणी आणि गोळे एकाच वेळी पातेल्यात घातले. अर्ध्या तासाने झाकण काढलं तेव्हा आत एकही गोळा नव्हता. पिवळ्या पिठल्यात तांदूळ पोहत होते. माझ्या धाकट्या भावाने पातेल्यात डोकावून विचारलं, "बाबा, गोळे कुठं गेले?" बाबांनी पळीने तळापर्यंत शोध घेतला आणि ते आतच आहेत, फक्त दिसत नाहीत, असं त्याला सांगितलं.

ही एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही उत्तर नागपुरात, इंदोऱ्याला, दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. सकाळच्या पाळीला कंपनीच्या बसने जायचे आणि चारच्या सुमाराला परत यायचे. मी सहावीत होते, भाऊ दुसरीत. आणि आई अमरावतीला होती.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घराण्यात शिक्षणाला कोणी नाही म्हणत नसे. पण आईचं लग्न नववीतच झालं. दोन मुलं झाल्यावर तिने घरी अभ्यास करून बाहेरून मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पास झाली. मग बालवाडीच्या शिक्षिकांसाठी अमरावतीला सहा महिन्यांचं प्रशिक्षण निघालं, तिने अर्ज केला आणि तिची निवड झाली. निवडीचं पत्र हातात घेऊन ती बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली. मुलांचं कसं होईल, हेच तिच्या मनात होतं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि जायचं, एवढंच म्हणाले.

शेजारच्या काकी लगेच आल्या. त्यांचं आमच्यावर प्रेम होतं आणि बाबांच्या स्वयंपाकावर अजिबात विश्वास नव्हता. पोरं सहा महिने आपल्याकडे जेवतील, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"नाही जी वहिनी," बाबा म्हणाले, "मी करीन."

"तुमाले येते का?"

"शिकीन. मशीनबी कुठं येत होती मले?"

आणि खरोखरच बाबांनी स्वयंपाकघराकडे मशीन म्हणूनच पाहिलं. आधी त्यांनी सगळे डबे उतरवले, पुसले आणि प्रत्येकावर चिठ्ठी डकवली. हळद, तिखट, जिरं, हिंग. जे रोज लागतं ते हाताशी, जे कधीमधी लागतं ते वर. वातीच्या स्टोव्हच्या वाती कापून एका उंचीला आणल्या. वांग्याच्या फोडी ते इतक्या सारख्या कापायचे की मला त्या मोजपट्टीने मोजून पाहाव्याशा वाटत. वरणाला किती मिनिटं लागतात ते मनगटावरच्या घड्याळात बघायचे. एवढं करूनही वरण कधी पाणचट व्हायचं, कधी करपायचं. वांगी बाहेरून काळी आणि आतून कच्ची निघायची. भाऊ तक्रार करत नसे. पण पहिला घास गिळला की तो विचारायचा, आई कधी येते. रोज, त्याच वेळी. बाबा ताटाकडे बघत उरलेले दिवस सांगायचे.

गोळे विरघळले त्या संध्याकाळी बाबांनी आंतर्देशीय पत्र घेतलं आणि आईला लिहायला बसले. याआधीची त्यांची पत्रं चार ओळींची असत. पोरं बरी आहेत, तू अभ्यास कर, पाऊस आहे. या खेपेला मात्र त्यांनी काय केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि काय झालं, ते कारखान्यातल्या बिघाडाची नोंद करावी तसं सविस्तर लिहिलं.

आठवड्याने उत्तर आलं. बाबांनी ते स्टोव्हपाशी उभं राहून आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. आई बोलायची आमच्यासारखीच, पण पत्रात ती प्रशिक्षणात शिकलेली शुद्ध भाषा लिहीत होती. 'गोळे भातात केव्हा घालावेत ते पाण्यावरून ओळखावे. भाताच्या वर पाणी दिसत असेल तर थांबावे. पाणी आटून भाताला बारीक भोके पडली की गोळे ठेवावेत, वर थोडा भात ओढावा आणि आच मंद करावी. झाकण काढून सारखे पाहू नये.' हे शेवटचं वाक्य खास बाबांसाठी होतं, कारण ते दर दोन मिनिटांनी झाकण उचलत, हे आई अमरावतीत बसून ओळखून होती.

दुसऱ्या खेपेला गोळे जागच्या जागी राहिले. पण ते इतके टणक झाले की भावाने एक जमिनीवर टाकून पाहिला आणि तो घरंगळत थेट दारापर्यंत गेला. पुन्हा पत्र, पुन्हा उत्तर. दुकानातलं बारीक बेसन चालत नाही, भरडा रवाळ लागतो आणि त्यात गरम तेलाचं मोहन घालावं लागतं, असं त्यात होतं.

मग ही पत्रं वाढतच गेली. वांग्याच्या भाजीवर एक, पाटवडीच्या रश्श्यावर दोन, कढी का फुटते यावर एक. घरात असताना आई-बाबा एकमेकांशी फार बोलत नसत. कामापुरतं बोलणं, तेही बहुतेक आमच्यामार्फत. आता दर आठवड्याला आंतर्देशीयाच्या कडेकडेपर्यंत लिहिलेलं पत्र यायचं. बाबा स्वयंपाकाचा भाग मोठ्याने वाचायचे, शेवटी पोचले की थांबायचे आणि उरलेलं मनात वाचून घडी घालायचे. बाकी काय लिहिलंय असं मी विचारलं की म्हणायचे, खुशाली.

एकदा तो शेवटचा भाग वाचून ते स्टोव्हपुढे नुसतेच उभे राहिले. भाजी खाली लागली तरी त्यांना कळलं नाही. मीच पातेलं उतरवलं. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी फळीवरच्या कागदाखालून ते पत्र काढलं आणि वाचलं. चूक होती ती, पण वाचलं.

आईने लिहिलं होतं की वसतिगृहात एक बाई पोळ्या करते आणि सगळ्यांना पंगतीत गरम वाढते. 'पहिल्या दिवशी ताटात तव्यावरची पोळी पडली. मला वाटले दुसऱ्या कोणाची चुकून आली. लग्नाला बारा वर्षे झाली. गरम पोळी खाताना कशी लागते हे मी विसरूनच गेले होते. त्या दिवशी मी चार पोळ्या खाल्ल्या आणि नंतर मला तुमची व मुलांची आठवण येऊन रडू आले.'

आई आम्हा सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, हे मी रोज बघत होते. चुलीपाशी, पातेल्यातल्या उरलेल्या भाजीसोबत. त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं. बाबांनाही वाटलं नसावं.

दसऱ्याला आईला तीन दिवसांची सुट्टी मिळणार होती. ते कळल्यावर बाबांनी जाहीर केलं की त्या दिवशी गोळाभात होणार आणि आई स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. आता प्रश्न भरड्याचा होता. चक्कीवाल्याने दोनदा बारीक पीठ काढून दिलं होतं. म्हणून बाबा मला घेऊन काकींकडे गेले आणि त्यांचं जातं मागितलं. जात्याचा खुंटा सैल होता. बाबांनी आधी पाचर मारून तो घट्ट केला, मग आम्ही दोघं समोरासमोर बसून डाळ दळली. बाबा दर पाच-सहा फेऱ्यांनी थांबून चिमूट उचलायचे आणि उजेडात धरून बघायचे. काकी दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. "भाऊजी, डाळ हाय ते," त्या शेवटी म्हणाल्या, "सोनं नाही."

आई दुपारी एसटीने आली. तिच्या खांद्याला पर्स होती, जी आम्ही कधी पाहिली नव्हती, आणि आई थोडी जाड झाली होती. भाऊ तिच्या कमरेला मिठी मारून सोडेचना. बाबांनी तिला हातपाय धुवायला लावले आणि सरळ पाटावर बसवलं. ताट तिचं एकटीचं मांडलं होतं.

ती बसली आणि लगेच पाणी घ्यायला उठली. मग मीठ घ्यायला. मग पोरांची ताटं कुठं आहेत म्हणून.

"बस वं तू," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आज तू बसूनच राह्य."

आई बसली. बाबांनी तिला वाफाळता भात वाढला, त्यातले तीन गोळे हलक्या हाताने फोडून पसरले आणि पळीतली फोडणी वरून ओतली. चर्र आवाज झाला. आईने भात कालवला आणि खाऊ लागली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे होतो. ती मान खाली घालून खात होती आणि मधेच पदराने नाक पुसत होती. फोडणीतल्या मिरच्या तिखट होत्या, पण तेवढंच कारण नव्हतं, हे मला कळत होतं.

अर्धं ताट संपल्यावर ती म्हणाली, "भरडा कुठून आणला?"

"घरीच दळला. जात्यावर."

"डाळ भाजली होती का आंधी?"

"नाही. भाजावं लागते का?"

"थोडी. कढई गरम करून नुसती फिरवाची. मंग गोळा अजून मोकळा होते."

बाबा तिच्यासमोर जमिनीवरच बसले. मोहन किती घातलं, आच कधी कमी केली, हिंग तेलात टाकायचा की भरड्यात, असं दोघांचं सुरू झालं. बाबा विचारत होते आणि आई जेवता जेवता सांगत होती. माझ्या आठवणीत आई-बाबा इतका वेळ समोरासमोर बोलत बसलेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि विषय होता हरभऱ्याची डाळ. आम्हाला वाढायचं राहून गेलंय, याची शेवटी भावाने आठवण करून दिली.

वर्ष संपता संपता आईचं प्रशिक्षण संपलं आणि पुढे आमच्याच वस्तीतल्या बालवाडीत तिला काम मिळालं. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मोठं भांडण झालं. बाबांनी डब्यांच्या जागा बदलल्या होत्या आणि आईला हिंग सापडेना. चिठ्ठ्या वाचायला काय होतं, असं बाबांचं म्हणणं. स्वतःच्या घरात चिठ्ठ्या वाचून स्वयंपाक कोण करतं, असं आईचं. चार दिवस डबे रोज जागा बदलत होते. सकाळी तिच्या सोयीने, संध्याकाळी त्यांच्या. शेवटी खालची फळी आईची आणि वरची बाबांची, असा तह झाला. रविवारचा स्वयंपाक बाबांकडे गेला. पोळ्या आईने लाटायच्या आणि बाबांनी भाजायच्या, हेही ठरलं.

आणखी एक गोष्ट कोणी न ठरवताच सुरू झाली. स्वयंपाक पूर्ण झाल्याशिवाय कोणीच ताटावर बसत नसे, आणि बसलो की चौघंही एकदम बसायचो. आमचं स्वयंपाकघर एवढंसं होतं की चार पाट मांडले की दार उघडायला जागा उरत नसे. त्या वेळेला कोणी आलं तर त्याला बाहेरच थांबावं लागायचं. काकी कडी वाजवून बघायच्या आणि बाहेरूनच विचारायच्या, "जेवून राहिले का वं?"

आई घास तोंडात असतानाच आतून हो म्हणायची, आणि उठायची नाही.