दुपारी चाळ गप्प व्हायची

वसंता गेला त्याच्या आदल्या दुपारी मी त्याला बघायला घाटकोपरच्या हॉस्पिटलात गेलो, तर पठ्ठ्या गाढ झोपला होता. जनरल वॉर्ड म्हणजे काय, त्यापेक्षा भाजी मार्केट बरं. ट्रॉलीची चाकं करकरत होती, वॉर्डबॉय कुणावर तरी डाफरत होता, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकून खोकून बेजार, आणि कुणाच्या तरी नातेवाइकानं ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री लावलेली. आणि ह्या सगळ्यात हा तोंड उघडं टाकून घोरतोय! अंग हळदीसारखं पिवळं पडलं होतं, पण चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं असं समाधान. खाटेशेजारी चटई टाकून बसलेली त्याची आई, आम्हा सगळ्यांची काकी, त्याच्याकडे टक लावून बघत होती. तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, आतली छोटी खोली रिकामी झालीय, तिथे शांत झोप लागेल, हलवू या. वसंतानं डोळे उघडले आणि घाईघाईनं म्हणाला, नको, इथेच बरा आहे. मी हसलो. काकी हसली नाही.

मी आणि वसंता विक्रोळीच्या एकाच चाळीत वाढलो, एकाच संघातून कबड्डी खेळलो. तो चढाईला, मी कोपऱ्यात. त्याचा बाप परळच्या मिलमध्ये होता आणि आई पायमशीनवर ब्लाउज-परकर शिवायची. दहा बाय बाराची खोली, त्यात दाराशी मशीन, आणि मशीनच्या पायाशी वसंताची वाकळ. जन्मल्यापासून तो तिथेच झोपला. वर मशीन खडखडतेय, बाहेर नळावर बायांची भांडणं चाललीत, शेजारी कुणी मसाला कुटतंय, आणि हा आपला ढिम्म. त्याची झोप हा आमच्या संघात चेष्टेचा विषय होता. बोरिवलीला सामन्याला जाताना टेम्पोत पोरं घसा फाडून गात असायची आणि वसंता बुटांच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपलेला. सामन्याआधी लाउडस्पीकर कोकलत असताना तो मैदानाच्या कडेला एक डुलकी काढायचा. मग तोंडावर पाणी मारून उठायचा आणि चढाईला जायचा. अरे, काय चढाई होती ती! समोरचे सात जण त्याच्याकडे बघतायत आणि हा डोळ्याच्या कोपऱ्यातून शेवटच्या गड्याचा पाय बघतोय. हात पुढे करायच्या आत ह्याचा पंजा लागून परत. आमचे कोच अण्णा म्हणायचे, हा पोरगा महाराष्ट्राकडून खेळणार, लिहून घ्या.

कबड्डीच्या जोरावरच त्याला विक्रोळीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पाठोपाठ मीही चिकटलो. तेव्हा खेळाडूंना नेहमी दिवसपाळी असायची आणि चारला सुट्टी. चारला गेटबाहेर, साडेचारला मैदानात, रात्री जेवून झोप. देवाच्या आरतीसारखा सगळा दिवस ठरलेला. मग मिलचा संप झाला, बाप घरी बसला तो बसलाच. घर वसंतावर आलं. आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे नवा साहेब आला. त्याला कबड्डीचं काय पडलं होतं? त्यानं फर्मान काढलं, खेळाडू असो नाहीतर कुणी असो, तिन्ही पाळ्या सगळ्यांना. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. मला फारसा फरक पडला नाही, मी कुठे राज्याच्या संघात जाणार होतो! पण वसंताची वाट लागली. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी यायचा, कसाबसा सराव उरकायचा आणि दुपारी आडवा व्हायचा. पोटाचं तंत्र बिघडलं, भूक भलत्या वेळी लागायची. तरी तो म्हणायचा, होईल रे सवय.

राज्याच्या संघाची निवड जवळ आली तसे अण्णा चाळीत येऊन सांगून गेले, ह्याला दुपारची झोप मिळालीच पाहिजे, झोप नाही तर नजर नाही. बस्स... त्या दिवसापासून सगळी चाळ त्याच्या झोपेच्या राखणीला लागली. बायकांनी मसाला कुटायची वेळ बदलली. रेडिओ बंद. पोरांना हाकलून मैदानावर. भंगारवाला जिन्यापाशी आला की गॅलरीतूनच हात हलवून त्याला परत पाठवायचे. आणि काकीनं काय केलं, तर ती मशीन, जिच्यावर आता घराचा अर्धा भार होता, ती उचलून गॅलरीच्या टोकाला कदम मावशींच्या खोलीत नेऊन ठेवली. दुपारभर तिकडे बसून शिवायची, दार लावून. मी आणि आणखी दोघांनी मिळून ती मशीन वाहून नेली होती. दुपारी दोनला आमच्या चाळीत यावं तर कुणी मेल्यासारखी शांतता. विक्रोळीत तशी चाळ दुसरी नसेल. आम्हाला केवढा अभिमान वाटायचा! आमचा वसंता झोपलाय, महाराष्ट्राकडून खेळणार आहे.

निवड मुलुंडला होती. चाळीतून टेम्पो भरून माणसं आली होती. वसंता पहिल्या चढाईला गेला आणि मला मैदानाच्या कडेवरूनच कळलं, हा तो वसंता नाही. डोळे उघडे होते, पण नजर जागेवर नव्हती. हात गेला, पण उशिरा. समोरच्यानं घोटा धरला तेव्हा तो खाली बघतच राहिला, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. दुसऱ्या चढाईत तेच, तिसरीत तेच. नाव आलं नाही. टेम्पोत परतताना कुणी गायलं नाही. गंमत म्हणजे वसंताही झोपला नाही, फळीला टेकून बाहेर बघत बसला. पुढे एक-दोन वर्षं तो खेळला आणि मग हळूहळू मैदानावर यायचाच बंद झाला. लग्नाचं कुणी काढलं की विषय बदलायचा. वाळत गेला. मग ही कावीळ. आधी झाडपाला केला, हॉस्पिटल गाठायला उशीर झाला. चाळिशीही पाहिली नाही त्यानं.

त्या दुपारी वॉर्डात काकी नारळपाणी आणायला खाली गेली तेव्हा मी त्याला छेडलं, काय रे, एवढ्या गोंगाटात झोपतोस आणि खोली नको म्हणतोस? तो छताकडे बघत म्हणाला, "सुऱ्या, दुपारी घरी मला कधी झोप आलीच नाही रे. मशीन गेली त्या दिवसापासून. सगळं गप्प झालं ना, की मी दचकून जागा व्हायचो."

मला आधी कळेचना. मग कळलं. म्हणजे तो रोज दुपारी डोळे मिटून नुसता पडून राहायचा, आणि उठल्यावर बाया विचारायच्या, झोप झाली ना रे, तर हो म्हणायचा. मी चिडलो. आजारी माणसावर चिडू नये, पण चिडलो. म्हटलं, मूर्खा, एक शब्द बोलला असतास तर! मशीन काय, आम्ही ढोलताशे लावले असते तुझ्या उशाशी! तो हसला. म्हणाला, सगळी चाळ माझ्यासाठी तोंडाला कुलूप लावून बसली होती, आई दुसऱ्याच्या दारात शिवत होती, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? मग माझा हात धरून म्हणाला, "आईला बोलू नको हां." दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

दिवसकार्य उरकल्यावर परवा मी काकीकडे गेलो. दुपारची वेळ होती. चाळ अजूनही गप्प. नळावरच्या दोघी मला बघून हळू आवाजात बोलल्या, एक पोरगी पळत आली तर तिला आईनं शू करून थांबवलं. कुणासाठी, ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. सवय झालीय. मी आत गेलो आणि उंबऱ्यातच थांबलो. दाराशी, पहिल्या जागी, मशीन होती.

काकी तिच्या मालवणीत म्हणाली, "तो घराक येतलो म्हणान तू बघूक इलंस त्याच सांजेक मशीन हाडून घेतलंय. हॉस्पिटलात बघलंय मा मी, तेवढ्या आवाजात कसो निजलो होतो..." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुका सांगल्यान काय रे तेना?"

खोटं बोलायचं म्हणून आलो होतो. पण मान आपोआप हलली.  काकी पदरानं मशीनचं चाक पुसत राहिली, स्वच्छ होतं तरी.

"मगे माका कित्याक नाय सांगल्यान?"

 मी खाली बसलो. जिथे वसंताची वाकळ असायची तिथेच, दुसरीकडे जागाही नाही त्या खोलीत. काकी स्टुलावर बसली, पॅडलवर पाय ठेवले. सुईखाली कापड नव्हतं, सुईत दोरा नव्हता. मशीन चालू झाली. कदम मावशी धावत दारात आल्या, ह्या वेळेला आवाज कोण करतंय म्हणून, त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या.  काकी मशीन चालवत राहिली.