डाव्या बाजूचं मागचं दार

आमचे भाऊजी घड्याळजी. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून, मान मोडून बसले. त्यामुळे झालं काय, की माणसांकडेही ते तसेच बघायला लागले. अगदी जवळून, आणि दोष शोधत. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण, गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवणारी. ताई म्हणायची, "घड्याळं दुरुस्त करतात, पण वेळ बघायला मलाच विचारतात."

बावन्नाव्या वर्षी ताईने गाडी शिकायला घेतली. हौसेला मोल नसतं. लायसन्स मिळून आठवा दिवस, गाडी फाटकातून आत घेताना डाव्या बाजूचं मागचं दार खांबाला घासलं. वीतभर ओरखडा आणि एक पोचा. भाऊजी बाहेर आले, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या हाताला सुईच बरी."

एवढंच. ताईने किल्ली खिळ्याला अडकवली, ती पुन्हा कधी काढली नाही. भाऊजींनी दारही दुरुस्त केलं नाही. सहा वर्षं तो ओरखडा गंजत राहिला. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी मी गप्प बसले. त्याचा माझा मलाच राग अजून येतो.

मग ताईची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर घेऊन सांगितलं, महिना, फार तर दीड. त्या संध्याकाळी भाऊजींनी तिला विचारलं, काय करू तुझ्यासाठी? ताई म्हणाली, एकदा गाडी चालवायची आहे. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत.

"पण त्या दारासकट नाही," ती म्हणाली. "लोक आधी ओरखडा बघतात, मग मला."

मी म्हटलं, गॅरेजमध्ये टाका, दोन दिवसांत देतील. भाऊजी ऐकतील तर शपथ.

"माझ्या तोंडाने घाण केली," ते म्हणाले, "माझ्याच हाताने निस्तरतो."

रंगाचा वास ताईला सोसला नसता. म्हणून तिला दोन गल्ल्या पलीकडे माझ्या घरी आणलं. भाऊजी मोबाईलवर बघून बघून कामाला लागले. गंज खरवडला, पोच्यात पुट्टी भरली, पाणी मारून पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारलं. खिडक्यांना, चाकांना जुने पेपर चिकटवले. स्प्रेचा डबा आधी एका पत्र्याच्या झाकणावर चालवून पाहिला. इथवर सगळं शहाण्यासारखं. मग दारावर पहिलाच हात इतका जाड मारला की रंगाचे ओघळ थेट खाली आले. घासा पुन्हा. दुसऱ्या वेळी वाळायच्या आत त्यावर चिलटं बसली. पुन्हा घासा. रोज संध्याकाळी आंघोळ करून ताईला भेटायला यायचे, तरी केसांना वास राहायचाच. ताईला ढास लागायची. मग ते खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि लांबूनच दिवसभराची फजिती सांगायचे. ताई हसायची. हसली की धाप लागायची.

तिने त्यांना एकच युक्ती सांगितली. "डोळे मिटून तळहात फिरवा. कापडाची चुणी डोळ्याआधी हाताला कळते."

बाराव्या दिवशी मी गेले, तर दार झालेलं होतं. खरंच झालेलं. माझं तोंड दिसत होतं त्यात. मी म्हटलं, कागद काढा, ताईला आणते. भाऊजींनी खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं. भिंगातून रंगात अडकलेले धुळीचे कण साबुदाण्याएवढे दिसत होते.

"असलं दार देऊ तिला?" ते म्हणाले. आणि माझ्यादेखत घासायला बसले.

मी कपाळावर हात मारला. भिंगाने बघितलं तर जगात एक दार धड निघणार नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी घासायला घेण्याआधी मी दाराचा फोटो काढला होता, तो ताईला दाखवला. तिने मोबाईल बराच वेळ हातात धरला. गाडी चालवताना घालायच्या तिच्या बिनटाचेच्या चपला पहिल्या दिवसापासून पलंगाशी तयार होत्या.

"झालंय की गं," ती म्हणाली. "पण त्यांच्यामागे लागू नकोस. मनासारखं करू दे. माझ्यासाठी एवढा वेळ कधी काढलाय त्यांनी?"

त्यानंतर रोज एकच उत्तर, अजून दोन दिवस. ते घासायचे, रंगवायचे, भिंग लावायचे, पुन्हा घासायचे. तेविसाव्या दिवशी दुपारी ताई गेली. मी धावत सांगायला गेले तेव्हा भाऊजींच्या हातात ओला पॉलिश पेपर होता आणि गाडी पेपरांत गुंडाळलेली.

पंधरा दिवसांनी मी सहज डोकावले. कागद तसेच. दार मात्र पुरं झालं होतं, आणि भाऊजी डोळ्याला भिंग लावून त्यापुढे बसले होते. माझं डोकं फिरलं. मी ते भिंग काढून घेतलं आणि त्यांना डोळे मिटून हात फिरवायला लावला. त्यांनी वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला, सावकाश.

"काहीच लागत नाही हाताला," ते म्हणाले.

"बाराव्या दिवशीही लागलं नसतं."

हे वाक्य मला गिळता आलं असतं. सहा वर्षांपूर्वी त्यांनाही त्यांचं गिळता आलं असतं. भाऊजी पालथ्या बादलीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले. त्यांच्यावरचा राग तेवढ्यात कुठे गेला, कळलं नाही.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "तिला माहीत होतं? तेव्हाच झालं होतं म्हणून?"

तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये होता.

"नाही," मी म्हणाले, आणि खिडकीचे कागद काढायला घेतले.