मधल्या खोलीतलं जनावर

माझा आवाज मोठा आहे. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, दिवसभर तिच्या घरघरीवरून बोलायचं म्हणजे हळू बोलून भागत नाही. मी साधं 'चहा ठेव' म्हटलं तरी नवीन माणसाला वाटतं भांडण लागलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या पावसाळ्यात मी लेकीवर जे काही ओरडले त्यातलं निम्मं आवाजाचं होतं आणि निम्मं खरंच रागाचं होतं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पुण्याला कंप्युटरवरची नोकरी, रजा टाकून आलेली. डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं होतं. ती चालायची, नाही असं नाही, पण एवढं मोठं पोट घेऊन, मान खाली घालून, मोबाइलमध्ये बघत. मध्येच थांबायची, काचेवर बोट ओढायची, परत चार पावलं पुढं. गिरणीवर दळण टाकायला येणाऱ्या बाया मला विचारायच्या, पोरीचं कानातलं-बिनातलं पडलंय का. आता काय सांगू त्यांना? शिकलीसवरलेली बाई रस्त्यात राक्षस धरायलीय म्हणून?

तर तो खेळ असा. मोबाइलवर आपल्याच गावाचा नकाशा दिसतो. त्यात जागोजागी जनावरं लपलेली असतात, या जगात नसलेली. आपण चालत त्या जागेवर गेलं की फोन थरथरतो, मग कॅमेऱ्यातून समोरच्या रस्त्यावरच ते जनावर उभं दिसतं. आपल्याजवळची जनावरं त्याच्याशी लढवायची, जिंकलं की ते आपलं. शेतात दिसणारी वेगळी, माळावरची वेगळी, पाण्यातली वेगळी. आमच्या मानवतला तिला नुसती उंदरं आणि पाखरं सापडायची. तिला हवं होतं एक समुद्रातलं जनावर. चिलखतवालं. त्यासाठी ती आणि जावई पुण्यातली तळी हिंडून आले होते म्हणे, पण ते काही भेटलं नव्हतं. तिनं मला त्याचं चित्र दाखवलं. पाठीवर एकावर एक पालथ्या घातलेल्या परातींसारखी कवचं, पुढं दोन लांब मिशा, आणि कवचाच्या फटीतून बघणारे बारीक डोळे. लढायला गेलं की ते अंगावर येत नाही. कवच मिटतं आणि खाली जातं. जिथं खोल पाणी आहे तिथंच दिसतं, असं त्याच्याखाली लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, मग इथं कशाला शोधायलीस बाई, आपल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत न्हाई.

आणि एके दुपारी ते आलं. मधल्या खोलीत. लेक बाजेवर आडवी झालेली होती, मी शेजारी बसून गहू निवडत होते. फोन थरथरला तशी ती उठून बसली. मला म्हणाली, आई बघ. मी बघितलं. आमचीच खोली, आमचीच फरशी, बाजेचा पाय, माझं सूप, सगळं जिथल्या तिथं. आणि फरशीतून ते वर येत होतं. आधी पाठ आली, मग मिशा. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. मोबाइलवरून नजर काढून मी खाली फरशीकडं बघितलं. काही नव्हतं. लेकीनं बोट ओढलं तसं त्यानं कवच मिटलं आणि बाजेच्या बरोब्बर खाली उतरून गेलं.

लेक नकाशा बोटांनी मोठा करून बघत बसली. मग म्हणाली, "आई, इथं निळं दाखवायलंय. आपल्या खोलीखाली पाणी हाय."

मी हसले. तेव्हा हसूच आलं.

या जागेचं थोडं सांगायला पाहिजे. जागा माझ्या थोरल्या भावानं दिलेली. माझं सासर चारठाण्याचं, लग्न होऊन मी तिकडं गेले. वडील वारल्यावर शेतातला माझा हक्क मी सही करून सोडला, एका शब्दानं कुरकुर केली नाही. माझ्या माघारी भावानं शेजारच्याची पट्टी विकत घेतली होती, तिचे प्लॉट पाडले, आणि त्यातला एक माझ्या नावावर करून दिला. चोळी-बांगडीचा म्हणाला. भाऊ असावा तर असा, म्हणून मी गावभर सांगत फिरले. आम्ही इथं येऊन घर बांधलं तेव्हा पाया खोदताना तो दिवसदिवस उन्हात उभा होता. इथं खोदा, तिकडं नको, मिस्त्रीला स्वतः दाखवायचा. पुढं देवगाव फाट्याला त्याचं खत-बियाण्याचं दुकान चाललं तसा तो तिकडंच राहायला गेला. पण भाऊबीज कधी चुकवली नाही. पहिल्या एसटीनं यायचा, मधल्या खोलीच्या दारासमोर पडवीत बसायचा, तिथंच ओवाळून घ्यायचा, तिथंच जेवायचा. आत ये म्हटलं तर, बाहेर हवा बरी हाय म्हणायचा.

त्या दिवशी मी त्याला फोन लावला. गंमत म्हणूनच सांगितलं, दादा, तुझ्या प्लॉटात समुद्र निघाला बघ, पोरीनं मोबाइलवर धुंडून काढला. मला वाटलं तो खो-खो हसंल. त्यानं विचारलं, कोणत्या खोलीत. मी सांगितलं, मधल्या. मग म्हणाला, पोरीला पुढच्या खोलीत झोपवत जा, तिथं उजेड चांगला हाय. मी म्हटलं, पुढं गिरणी हाय, पिठात झोपवू का बाळंतिणीला? तेवढ्यात म्हणाला, रेंज जायलीय, आणि फोन ठेवला. माणूस थकलाय, असं मी मनाशी म्हटलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. बाळंतिणीची खोली म्हणजे मधलीच. खिडकी लहान, वारं लागत नाही, कोपऱ्यात मोरी. बाज टाकली, खाली शेगडी ठेवली, बारशाला छताच्या कडीला पाळणा बांधला. भाऊ बारशाला आला नाही, कपडे पाठवले. मला ते लागलं, पण पाहुण्यांपुढं चेहरा हसरा ठेवला.

त्याच सुमारास बाज हलायला लागली. एक पाय उंच, एक पाय बुटका. आमच्या मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. हे एसटीत ड्रायव्हर होते, शांत माणूस, बोलायचं काम मीच करते. दोन-चार दिवसांत बाज परत हलली, तेव्हा त्यांनी फरशीचा तुकडा घातला. मग त्यावर आणखी एक. मी ओरडले की सुतार बोलवा, बाजेचे पाय झिजले असतील. ते वाकून पाय बघत होते, मग फरशीवर तळहात ठेवून बसले. पाय चांगलेच हायेत, म्हणाले.

आणि लेकीचं ते जनावर रोज येत होतं. बाळ पदराखाली, दुसऱ्या हातात मोबाइल. मी चिडून म्हणायचे, डोळे जातील, ओल्या बाळंतिणीनं असलं काही बघू नये. आधी ती हसून टाळायची. मग हसणं थांबलं. एकदा तिनं मला विचारलं, आई, खालून काही आवाज येतो का गं? मी म्हटलं, गिरणीचा येतो. ती म्हणाली, गिरणी बंद असल्यावर. मला तिचा राग आला, आणि रागाच्या मागं भीती होती. बाळंतिणीच्या मनात काहीबाही येतं, ते मला माहीत होतं. मला लेकीच्या डोक्याची फिकीर लागली. जमिनीची लागली नाही.

रोज सकाळी मी तिला मोरीत न्हाऊ घालायचे. निंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी, बादल्यांवर बादल्या. पाणी थेंबभर तुंबायचं नाही. मोरी कशी मोकळी केलीय मिस्त्रीनं, म्हणून मी त्याचं कौतुक करायचे. मोरीचा पाइप मागच्या परसात निघतो, तिथं मी अळू लावलेलं. पावसानं उघडीप दिली होती. एके सकाळी वडीला पानं तोडावी म्हणून मागं गेले तर अळू माना टाकून पडलेलं. पाइपाच्या तोंडाशी माती भेगाळलेली. बोट घालून बघितलं, पाइप आतून कोरडा, कोळ्यानं जाळं केलेलं.

मी तिथंच उभी राहिले. एवढं पाणी रोज ओततेय मी, ते जातंय कुठं?

ह्यांना बोलावलं. त्यांनी मोरीची जाळी काढली, खाली कडेला फट होती, तिच्यात लांब तार सोडली. तार जात राहिली. कुठं अडेना, कशाला लागेना. सगळी तार संपली, टोक तेवढं त्यांच्या हातात राहिलं. ह्यांनी ती वर ओढून घेतली, तिला ओला काळा चिखल लागला होता, त्याला सडक्या पाल्याचा वास. उद्या मिस्त्रीला आणतो, म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

मिस्त्री यायच्या आधी भाऊ आला. सण नाही, सांगावा नाही, मध्येच उगवला. हातात बाळासाठी चांदीचे वाळे. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगते, सगळं विसरून मी म्हटलं, दादा, आत ये, नातीला बघ. लेक बाजेवर होती, बाळ तिच्या मांडीवर. तो मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. मी परत म्हटलं, ये की. त्यानं उजवा पाय उचलला आणि परत मागं ठेवला. घामानं त्याचं तोंड निथळत होतं. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्याचं पाऊल एकदाही पडलेलं नाही, हे मला त्या क्षणी कळलं. पडवीतल्या सगळ्या भाऊबिजा एकदम डोळ्यांपुढून गेल्या.

"बाई," तो म्हणाला, "लेकराला घेऊन बाहेर ये. पोरीला बी उठव. आधी बाहेर या."

माझा मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. बाळ उचललं, लेकीचा दंड धरला, भिंतीच्या कडेकडेनं दोघींना बाहेर आणलं. गिरणीच्या पलीकडं, रस्त्यावरच्या ओट्यावर नेऊन बसवलं. मग त्यानं सांगितलं, खाली मान घालून. त्या पट्टीत जुनी विहीर होती, पाण्याची, चांगली खोल. विहीर असली तर प्लॉटला गिऱ्हाईक येत नाही. बुजवायला मुरूम आणायचा तर कुठून, म्हणून शेतातल्या पऱ्हाट्या उपटून आत कोंबल्या, त्यावर काळी माती ओढली, वर तेवढा मुरमाचा थर. कपाशीच्या काड्यांवर त्यानं बहिणीचं घर उभं केलं होतं. तो प्लॉट कुणी घेईना, म्हणून तो माझ्या वाट्याला आला.

तो बोलतच होता आणि वीज गेली. गिरणी थांबली. त्या शांततेत आतून आवाज आला, फार मोठा नाही, पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. मग आणखी एक. मग पाण्याचा.

मी आत धावले, ह्यांनी मला मधल्या खोलीच्या दारातच धरून ठेवलं, तरी मी बघितलं. खोलीचा मधला भाग नव्हताच. बाज नव्हती, शेगडी नव्हती, लेकीचा मोबाइल उशीखाली राहिला होता तोही गेला. खाली काळं पाणी हलत होतं आणि त्यावर बाळाला न्हाऊ घालायची परात उलटी होऊन तरंगत होती. वर छताच्या कडीला बाळाचा पाळणा तसाच होता. धक्क्यानं झोका घेत होता, मोकळ्या विहिरीवर. मी खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

जावई येऊन लेकीला आणि बाळाला घेऊन गेले. नवीन मोबाइल आला, तिनं तो खेळ परत घेतला नाही. आम्ही मधल्या खोलीला कुलूप घातलं. आता त्यात मुरूम भरायचा की घर सोडायचं, त्यावर आमचं अजून चाललंय.

दिवाळीला लेक बाळाला घेऊन दोन दिवस आली, पुढच्या खोलीतच राहिली, गिरणी बंद ठेवून. भाऊबीजेला मी भावाला बोलावलं नाही. तो पहिल्या एसटीनं आला. कुलूप काढलं, मधल्या खोलीचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्याशी पाट मांडला, तोंड आत. तो बसला. मी ओवाळलं. त्याची नजर आतल्या खड्ड्यावर होती. पाण्याचा ओला वास येत होता.

"मला वाटलं, आता दबून गेलं असंल," तो म्हणाला. "दरसाल येऊन बघत होतो, बाई."

तबक माझ्या हातात तसंच राहिलं. पहिली एसटी, पडवीतली ती जागा, घास हातात धरून आत बघत बसणं. मला वाटायचं, माझ्या संसाराकडं बघतोय, डोळे भरून. मी माहेरवाशिणींना अभिमानानं सांगायचे ते.

"आन् मला भेटायला?" मी विचारलं. "मला भेटायला कवा आलास का रे, दादा?"

त्यानं ओवाळणी तबकात ठेवली. पुढच्या खोलीत बाळ रडायला लागलं. मी तबक खाली ठेवलं आणि बाळाला घ्यायला उठले.