मालिकेतली सासू, एसटीतली सून

मंडळी, आज एसटीत काय झालं ते ऐका.

वीस वर्षं रेडिओवर नाटकं केली, रस्त्यात कुणी ओळखलं नाही. टीव्हीवर खाष्ट सासू झाले आणि सगळे ओळखू लागले. आज मुरगूडच्या एसटीत एक बाई सुनेला घेऊन माझ्या शेजारी बसल्या.

"तुमी सुनंला खोलीत कोंडलं त्ये बरं केलं की," त्या म्हणाल्या. "मी बी हिला तसंच सरळ केलंय."

सून खाली बघत होती. तिचं मनगट काळंनिळं पडलं होतं.

"मावशी, ते नाटक हाय. खरं केलं तर पोलीस नेतील," मी मोठ्यानं म्हणाले. पुढच्या सीटवरचे लोक वळून बघू लागले.

उतरताना सुनेनं माझा फोन नंबर मागितला, सासूच्या देखत.

उद्या शूटिंगमध्ये मला पुन्हा सुनेला कोंडायचंय. तुम्ही असता तर हा सीन केला असता का?