मिश्रीच्या पेटीची किल्ली

सासूबाई परदेशी, क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या तेव्हा माझी मुलगी अडीच वर्षांची होती. नवरा बोटीवर इंजिनियर, चार-चार महिने बाहेर. माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. पोरीजवळ आपलं माणूस हवं म्हणून मीच त्यांना गळ घातली होती.

त्या कराडकडच्या. सकाळी मिश्री लावल्याशिवाय त्यांना तोंड धुतल्यासारखं वाटत नसे. लिटल इंडियातल्या एका दुकानात सुकी तंबाखू मिळते हे त्यांनी आल्याआल्या शोधून काढलं. ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून गाळायची. पहिल्यांदा भाजली तेव्हा समोरची चिनी आजी आग लागली म्हणून दार ठोकत आली होती.

मला त्या वासानं मळमळायचं. पण त्यांचं काम बघत राहावं असं होतं. पूड परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या. "गरम भरली की बाटलीला घाम सुटतो, आणि घाम सुटला की बुरशी," म्हणायच्या. भरायची ती काचेच्या बाटलीत. वर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, दमटपणा ओढून घ्यायला. चमचा कोरडा. रोजच्यासाठी एक लहान डबी, ती दर रविवारी भरायची. इथल्या हवेत माझे पापड आठवड्यात वातड व्हायचे, पण त्यांची मिश्री दोन-दोन महिने कोरडी खडखडीत राहायची. लिंबाचं लोणचंही तसंच. माझ्या ऑफिसातल्या मराठी मैत्रिणी त्यासाठी रिकाम्या बाटल्या पाठवायच्या.

एक दिवस ती लहान डबी सोफ्यावर राहिली. पोरीनं आजीसारखं बोट बुडवून दातांना लावलं, थोडी गिळलीही. तिला उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडलं. सासूबाईंनी मला ऑफिसात फोन केला आणि चिनी आजीला सोबत घेऊन टॅक्सीनं हॉस्पिटल गाठलं. मी पोहोचले तेव्हा पोर झोपली होती. संध्याकाळी घरी सोडलं. डॉक्टर एवढंच म्हणाली, की ही वस्तू मुलाच्या हाती पुन्हा लागता कामा नये.

मी सासूबाईंना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एक पत्र्याची पेटी आणि कुलूप आणलं. बाटली, डबी, सगळं आत ठेवलं, पेटी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या कपाटात चढवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तुझ्याकडंच असू दे. सकाळी तू काढून देत जा. तुझ्या जिवाला घोर नको."

त्यांनी याहून जास्त काय करायचं होतं?

पण पोरीची नक्कल थांबली नव्हती. एकदा ऑफिसातली मैत्रीण घरी आलेली असताना ती रिकामं बोट दातांवर घासून दाखवायला लागली. मैत्रीण हसून म्हणाली, "अगं, ही तर मिश्री लावतेय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीच्या काळजीपोटी सगळं केलं असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले, पण त्या हसण्याचा वाटाही मोठा होता.

त्या रविवारी डबी भरून झाल्यावर दुपारी आजी-नात दोघी खाली झोपाळ्यावर गेल्या होत्या. मी पेटी उघडली, बाटलीत दोन चमचे पाणी घातलं, हलवली आणि परत ठेवून दिली.

पुढच्या रविवारी त्यांनी डबी भरायला बाटली उघडली. वर पांढरट थर आला होता. त्यांनी वास घेतला, तांदळाची पुरचुंडी दाबून बघितली.

"मी गरम तर भरली नव्हती?" त्यांनी मलाच विचारलं.

"काय माहीत, आई."

त्यांनी पुन्हा भाजली. या वेळी दिवसभर पंख्याखाली ठेवली, बाटली दोनदा उन्हात तापवली. ती बाटलीही मी नासवली. एकदा चूक झाली म्हणता येतं. दुसऱ्या वेळेला काय म्हणायचं, त्याला माझ्याकडे शब्द नाही.

ती बुरशी बघून त्या रागावल्या नाहीत. "हात वाईट झाला माझा," म्हणाल्या. मला वाटलं होतं, कंटाळून मिश्री सोडतील. सोडली खरी, पण मैत्रिणीची लोणच्यासाठी रिकामी बाटली आली तेव्हा तीही परत पाठवायला लावली. "माझ्या हातचं आता काही टिकत नाही. लोकांच्या घरात नासकं कशाला जायला हवं?" त्यांचं डोकं दुखायचं, झोप लागायची नाही. महिन्याभरात म्हणाल्या, "मला गावी पोचव." नवरा बोटीवरून आला आणि त्यांना सोडून आला. मुलीला मी पाळणाघरात घातलं.

गावी त्यांची मिश्री पुन्हा सुरू झाली, दुकानातली, विकतची. म्हणजे व्यसनही सुटलं नाही. नुसतं त्यांच्या हातचं कसब गेलं.

दोन वर्षांनी आम्ही गेलो तेव्हा त्या शेजारणीकडून लोणचं घालून घेत होत्या. शेजारीण गेल्यावर मी म्हटलं, "आई, तिकडं ती मिश्री खराब झाली ना, ती—"

"जाऊ दे गं," त्या मध्येच म्हणाल्या. "तिथली हवाच तशी. तू तरी काय करणार?"

मी "हो" म्हणाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या, हृदयविकाराच्या झटक्यानं. घरात तंबाखू नको, हे माझं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. ते तोंडावर सांगितलं असतं तर त्या भांडल्या असत्या, कदाचित रुसून लवकर गेल्याही असत्या. पण जाताना स्वतःच्या हातांवरचा विश्वास घेऊन गेल्या असत्या.