ताईच्या ओव्हनमधली कॅनॉपी

ताईचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळ पिनरला सुपरमार्केटच्या रांगेत उभी होते. "गेले गं..." एवढंच म्हणाली. सामान तिथेच टाकून मी ब्रिस्टलची ट्रेन पकडली.

मनोहर भावोजी हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. दिवसभर माणसांना झोपवायचे आणि घरी येऊन जुनीपुराणी रिमोटची हेलिकॉप्टरं जागी करायचे. आमच्या तरुणपणची ती मॉडेलं; बनवणाऱ्या कंपन्या कधीच बंद पडल्या, पार्ट मिळणार कुठून? मग भावोजी ते हुबेहूब घडवायचे, देशभरच्या हौशी मंडळींसाठी. त्यांचा हातखंडा कॅनॉपीत, म्हणजे हेलिकॉप्टरच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या कवचात. लाकडाचा साचा कोरायचा, प्लास्टिकची शीट ओव्हनमध्ये मऊ करायची आणि झटकन साच्यावर ओढायची.

ओव्हन अर्थातच ताईचा! एका दिवाळीला तिच्या नानकटाईला प्लास्टिकचा वास लागला आणि घरात जे रामायण झालं... दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये एक सेकंडहँड ओव्हन येऊन बसला. गंमत म्हणजे त्याच्यासमोरही ताईच बसायची. शीट आधी सुरकुतते, मग ताणून सपाट होते, मग मधोमध झोल येतो. झोल आला की लगेच काढायची. भावोजींना कुठला धीर! ते आधीच दार उघडून मोकळे. म्हणून ताई स्टुलावर बसून काचेतून बघायची आणि ओरडायची, "अहो, काढा आता!"

"भावोजी, ऑपरेशन थिएटरमध्येही ताईला न्यायचात का?" मी एकदा विचारलं.

"नेली असती तर पेशंट वेळेवर उठले असते," ते म्हणाले.

ते गेल्यावर ताईने गॅरेजचं दार उघडलंच नाही. स्वयंपाकघरात चहासुद्धा त्या दाराकडे पाठ करून प्यायची. मला तिची फार काळजी वाटायला लागली. भाची श्रुती शेवटी म्हणाली, "आई, गॅरेज क्लिअर करूया का? सगळं हेलिकॉप्टरवाल्यांच्या क्लबला देऊन टाकू."

ताईने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ब्रॅकनेलच्या त्या गृहस्थांना ह्यांनी कॅनॉपी कबूल केली होती. तेवढी होऊ दे, मग काय ते बघू."

गेल्या शनिवारी आम्ही दोघी गॅरेजमध्ये गेलो. भावोजींचे जाड हातमोजे मी घातले, ताई तिच्या स्टुलावर बसली. शीट सुरकुतली, सपाट झाली, झोल यायला लागला...

"अहो, काढा आता!" ताई ओरडली.

ओरडली आणि एकदम थांबली. पण शीट थोडीच थांबणार होती? मी दार उघडलं, दोघींनी मिळून ती साच्यावर ओढली. ताई रडत होती आणि दोन्ही हातांनी कडा दाबून धरत होती.

गार झाल्यावर तिने कॅनॉपी खिडकीपाशी उजेडात धरली. एका कोपऱ्यात बारीकशी सुरकुती राहिली होती. मला तर ती दिसलीही नसती.

"ही नाही द्यायची. ह्यांनी दिली नसती," ती म्हणाली. "दुसरी शीट काढ."

आणि पदराने डोळे पुसून ती पुन्हा ओव्हनसमोर जाऊन बसली.